ओढ्याच्या अलीकडे

रॅथबोन : '...अर्जदारांची मुलगी सिसली ही वेडली गावी मोलकरीण असता लग्नाविना गरोदर राहिली...'

ॲम्ब्रोस : ते 'लग्नाविना' लिहायलाच हवं का हो, रॅथबोनसाहेब?

रॅथबोन : तीस वर्षं या काउंटीच्या कोर्टासाठी अर्ज लिहितोय, ॲम्ब्रोस. मी लिहिलं नाही, तर न्यायाधीश पहिला प्रश्न तोच विचारतील. भर कोर्टात. चालेल?

जॉईस : राहू द्या तसंच. सगळ्या गावाला ठाऊक आहे.

रॅथबोन : '...दिवस भरताच ती थॉर्नकोटला आईबापांकडे आली. परंतु थॉर्नकोटच्या कारभाऱ्यांनी, तिला कळा येत असतानाही, गाडीत घालून वेडलीला परत धाडले...'

ॲम्ब्रोस : बर्फात! 'गुडघाभर बर्फात' लिहा. आणि कारभारी नव्हे, हेन्री स्टब्ज. नाव घाला मेल्याचं. त्याच्या गोठ्याचं छप्पर मी शाकारलंय. माझ्याच दारात उभा राहून मला म्हणतो, 'पोरगी इथे बाळंत झाली तर पोर गावाच्या गळ्यात. हलवा तिला.'

रॅथबोन : वागला कसायासारखा, पण कायदा त्याला पाठ आहे. बिनलग्नाचं मूल ज्या गावाच्या हद्दीत जन्मतं, त्या गावाचं, त्याला पोसायचा खर्चही त्याच गावाचा. म्हणून तर मघापासून विचारतोय. दोन गावांची हद्द म्हणजे तो ओढा. बाळ ओढ्याच्या अलीकडे झालं की पलीकडे?

ॲम्ब्रोस : अलीकडे! थॉर्नकोटात!

रॅथबोन : तुम्ही होता तिथे?

ॲम्ब्रोस : मी कुठला? स्टब्जच्या माणसांनी मला घरात कोंडून ठेवलं होतं. पण ही होती ना.

रॅथबोन : मग बाई, तुम्ही बोला.

जॉईस : बाळ आता वेडलीच्या गावकऱ्यांनी एका दाईकडे सांभाळायला दिलंय. तिच्याकडे पाच मुलं होती. या दोन महिन्यांत दोन गेली.

रॅथबोन : मला कल्पना आहे. पण बाळ झालं कुठे?

जॉईस : पलीकडे.

ॲम्ब्रोस : जॉईस!

जॉईस : ओढ्याच्या अलीकडेच सिसली म्हणाली, 'आई, थांबव गाडी. आता नाही सोसवत.' मी थांबवली नाही.

ॲम्ब्रोस : काय बोलतेस तू?

जॉईस : पलीकडे गिरणीवाल्याचं घर दिसत होतं. धुराड्यातून धूर निघत होता. म्हटलं, दोनशे पावलं गेलो की पोरीला ऊब मिळेल. गाडीवान विचारत होता, थांबू का? मीच म्हटलं, हाक. गिरणीवालीनं दार उघडलं नाही. खिडकीतून नुसती बघत राहिली. गाडीवान आणखी कुणाला आणायला धावला. बाळ गाडीतच झालं, तिच्या दारासमोर. सिसली संध्याकाळपर्यंत होती.

ॲम्ब्रोस : हे तू मला सांगितलं नाहीस.

जॉईस : कसं सांगू?

ॲम्ब्रोस : थांबली असतीस तर...

जॉईस : तर बाळ आज आपल्या घरात असतं. सिसली असती की नाही, ते मला माहीत नाही. रोज स्वतःला विचारते.

रॅथबोन : ॲम्ब्रोस, कुठे निघालात? बसा.

ॲम्ब्रोस : जरा बाहेर... नाही. नाही जात. मी असतो तर मीही हाकच म्हटलं असतं, जॉईस. धूर दिसल्यावर माणूस दुसरं काय करणार?

रॅथबोन : हे पाहा, मी म्हातारा झालो. अलीकडे कमी ऐकू येतं. इथे काय बोलणं झालं ते मला नीट कळलेलं नाही. वेडलीवाले तुमच्याविरुद्ध चकार शब्द काढणार नाहीत, त्यांना बाळ नकोच आहे. गाडीवानही वेडलीचाच, तो त्यांच्याच बाजूनं राहील. पण शपथ घ्यावी लागेल, बाई. बायबलवर हात ठेवून.

जॉईस : घेईन.

ॲम्ब्रोस : तू जन्मात कधी खोटं बोलली नाहीस.

जॉईस : तिनं थांब म्हटलं तेव्हा मी थांबले नाही. आता तेवढं तरी तिचं ऐकते. लिहा, साहेब. ओढ्याच्या अलीकडे.

(चार दिवसांनी, कोर्टाच्या पायऱ्यांवर.)

ॲम्ब्रोस : स्टब्जचं तोंड पाहिलंत? न्यायाधीशांनी विचारलं, 'तुम्ही ओढ्यापाशी होता का?' बसला खाली मान घालून!

रॅथबोन : हळू बोला, तो मागेच आहे. हा घ्या हुकूम. मूल थॉर्नकोटचं, आजी-आजोबांच्या हवाली करावं. वेडलीच्या कारभाऱ्याला दाखवा, आजच देईल.

ॲम्ब्रोस : उपकार झाले, साहेब. जॉईस, अगं बोल ना काहीतरी.

जॉईस : गिरणीवालीला बोलावतील असं तुम्ही म्हणाला नव्हता, साहेब.

रॅथबोन : मलाच ठाऊक नव्हतं. स्टब्जनं आणली. तिचं नाव पुकारलं तेव्हा मी म्हटलं, संपलं सगळं.

जॉईस : तिनं सगळं पाहिलं होतं. आमची नजरानजर झाली होती त्या दिवशी.

रॅथबोन : आणि शपथेवर काय म्हणाली? 'माझं दार बंद होतं, साहेब. मी काही पाहिलं नाही.'

जॉईस : जाताना माझ्याजवळ थांबली. तिला काहीतरी बोलायचं होतं.

ॲम्ब्रोस : मग?

जॉईस : मी तोंड फिरवलं. आता वाटतं, ऐकून घ्यायला हवं होतं.

ॲम्ब्रोस : चल. आत्ता निघालो तर दुपारपर्यंत वेडलीत पोचू. दूध कुणाकडे मिळेल तेही बघावं लागेल. शेजारच्या सांडर्सच्या सुनेला विचारू, तिचंही पोर अंगावर पितंय.

जॉईस : अहो, बाळाचा चेहरा सिसलीसारखा असला तर?

ॲम्ब्रोस : असू दे की. रोज बघू.

जॉईस : आधी तुम्ही घ्या नातीला. माझे हात फार गार पडलेत.