मागं पडली म्हणून लीडर सुटत नाही

मानाच्या खुर्चीवरचे वामनराव, मंचावर आलेल्या पाहुण्या ललिताताई, परतवाड्याचा बाजार सोडून आलेल्या माया बाया, आन जेवणाच्या वासानं मागून शिरलेले समदे गडी, साऱ्यायले या दुर्गाबाईचा नमस्कार.

मी दुसरीतूनच सुटली, म्हणून भाषण लहान व्हईन. घाबरू नका.

आपल्या निंदणाच्या टोळीची लीडर मैना आज निरोप घेऊन राहिली. तिचे गुडघे गेले. म्हणते, "मी मागं पडतो, आता लीडर कायची? अकोल्याले लेकीकडं चालली मी."

हा लीडर शब्द तरी कोठचा? माही नात खुशी अमरावतीले क्लास लावून हाय, तिले इचारलं. ते म्हणे, "आजी, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ संगं घेऊन जाणं. मूळ वाटेनं जाण्यातलं हाय."

"म्हणजे खुर्चीतलं नाई?"

"नाई आजी."

वामनराव, आरामात बसा. तुमाले नाई म्हणत.

निंदायले बसलं का एकेकीले एकेक पात, म्हणजे पिकाची एक ओळ येते. मैनाची सगळ्यात आधी संपे. पण धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसून तिनं कधी पान खाल्लं नाई. जे मागं राहे, तिच्या पातीले मैना पलीकडून लागे. दोघी मधात भेटल्या का समद्या संगं घरी.

टोळीतल्या वच्छलाचं आपरेशन झालं, लय मागं पडे, त्या साली आमी वामनरावाच्याच वावरात होतो. हे पाटील धुऱ्यावरून बोलले, "हे बाई उद्यापासून नको." वच्छलाचं खुरपं थांबलं. तिच्या घरात दुसरं कमावणारं कोणी नवतं. मैनानं मान वर केली नाई. म्हणे, "पाटील, आमची पात संगंच सुटते. एक नाई, तर उद्या कोणीच नाई." आन निंदत राहिली. दुसऱ्या दिवशी वच्छला वावरात होती, आन चहाची किटली खुद्द पाटलाच्या हातात. पाहा, हसून राहिले, म्हणजे खरं हाय.

असं माणूस मी दुसरं पाह्यलं नाई. म्हणूनच इचारतो, मैना, पुढं राहणं हा त्या शब्दाचा अर्थच नाई, तर मागं पडली म्हणून काहून चालली? अकोल्याले तिसऱ्या माळ्यावर काय निंदशीन? मेथीच्या जुड्या बांधायले गुडघे लागत नाईत. व्यापाऱ्यासंगं भांडायले तर मुळीच नाई. सोमवारी टोळीची जीप तुया दारात हार्न वाजवन. नारळ दिला तो राहू दे, परत मागत नाई.

मांडववाल्याचे, सैपाकवाल्या बायायचे आभार. कोणाले माये बोल खुपले असतीन तर म्हातारी म्हणून पदरात घ्या. मैनाची मात्र माफी मागत नाई. मले तिले अजून लय बोलायचं हाय, ते सोमवारी वावरात.