दोन ओळींचं गाणं

करवतीच्या आवाजात उभा जन्म काढलेल्या सुतारकाकांना कानाच्या डॉक्टरांनी नवं मशीन बसवून दिलं आणि सांगितलं, "थोडा वेळ बाहेर बसा. लोकांचं बोलणं नीट ऐकू येतंय का बघा." समोरच्या बाकावर सोळा वर्षांची एक मुलगी आणि तिची आई नंबराची वाट बघत होत्या.

"माझे कान ठणठणीत आहेत, आई. मला गाणं ऐकू येतं, एवढंच."

"रिकाम्या खोलीत?"

"रिकामी नाहीये ती. एक लहान मुलगी असते तिथे. चांदण्या मोजायचं गाणं म्हणते. दोन ओळी झाल्या की थांबते."

"चांदण्या मोजायचं?"

"गुणगुणून दाखवू?"

"नको. इथे नको."

"म्हणजे तुला माहितेय."

"मीच रचलं होतं ते. तुझ्याआधी एक होती. तीन वर्षांची. तापात गेली."

"आणि मला आज कळतंय."

"तुझ्या बाबांनी शपथ घातली होती, ब्र काढायचा नाही म्हणून. फोटोसुद्धा ठेवले नाहीत. त्यानंतर मी कधी गायले नाही."

"आई, ती रोज मला पुढची ओळ विचारते. येत नाही म्हटलं की रडत बसते. सांग ना, मी म्हणेन तिच्यासाठी."

बराच वेळ काहीच ऐकू येईना, तेव्हा मशीन बंद पडलं की काय म्हणून सुतारकाकांनी कान चाचपला.

"मला आठवत नाही गं."

"आठवून बघ ना."

"अठरा वर्षं तेच करतेय."