गोठवलेला नातू

वंध्यत्वाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक सासू आणि तिची विधवा सून कुजबुजत भांडत होत्या, म्हणजे सगळ्या खोलीला ऐकू येत होतं.

“तुला कुठे पोटात वाढवायचंय? तुझी नणंद वाढवेल. तू फक्त हो म्हण.”

“बहिणीच्या पोटात भावाचं मूल? उद्या ते वन्संना काय म्हणेल, आत्या की आई?”

“काहीही म्हणू दे, हाक तर मारेल! आणि सांभाळायला मी खणखणीत आहे.”

“जिन्यात दोनदा बसलात, आई.”

“माझा मुलगा गेला गं. निदान तो तरी राहू दे.”

“तो कुठला? गोठवलेलं भ्रूण आहे. ‘ते’ म्हणा.”

“माझ्या नातवाला ‘ते’ म्हणू?”

“हे असते तर गोष्ट वेगळी. एकटीनं मूल वाढवायची माझी हिंमत नाही. आणि कायद्यानं आता माझाच शब्द चालतो.”

“कायदा तुझा. रक्त माझंही आहे.”

खिडकीतल्या बाईंनी सुनेला विचारलं, “ताई, काय ठरलं? गर्भ ठेवायचा की नष्ट करायचा?”

“नष्ट करा.”

सासू भिंतीकडे तोंड करून बसली.

“बरं. डॉक्टर बोलावतील, बसा.”

सून बसली नाही.

“एक विचारू? त्या थंडीतून बाहेर काढल्यावर तिला काही कळतं का हो?”