मध्ये कुणी वाचू शकत नाही

...आणि वर मलाच विचारतात, "पण मध्ये कुणी वाचलं का?" शी! तुम्हाला सांगतो, त्या वाक्याचा मला असा वीट आलाय, की कुणी नुसतं "मध्ये" म्हटलं तरी मी उठून चालायला लागतो! हे कोण विचारतात, तर आमचे साडू. बायकोच्या बहिणीचे यजमान. एका मोठ्या कचेरीत कॉम्प्युटर सांभाळतात, म्हणजे बंद पडला की बंद करून पुन्हा चालू करतात, त्याचा पगार मिळतो!

आता मुळापासून सांगतो. माझं बटणांचं दुकान. बटणं, चेन, लेस, अस्तर, दोरे. शिक्षण चौथी, तीही दोनदा केलेली, म्हणजे पाया पक्का! पण दुकान गल्लीत आत, भुयारासारखं. आणि दोऱ्याचा रंग कधी ट्यूबलाइटखाली जुळतो का हो? शिंपी कापडाचा तुकडा घेऊन येतो, मी सात निळे काढून मांडतो, तो म्हणतो, "शेठ, जरा उजेडात बघून आलो," आणि रीळ घेऊन रस्त्यावर जातो... तो गेलाच! बावीस वर्षं झाली, माझे निम्मे दोरे उजेड बघायला गेलेत ते परत आलेले नाहीत! म्हणून गल्लीच्या तोंडाचा तो कोपऱ्यावरचा गाळा, दोन बाजूंनी ऊन येणारा, त्याच्यावर माझा डोळा. गाळा नर्सबाईंचा. निवृत्त नर्स, गाळ्याच्या वरच एकट्या राहतात, कानानं जरा कमी. आणि गाळ्यावर डोळा समोरच्या काचवाल्याचाही. आरसे विकतो, दिवसभर स्वतःकडेच बघत असतो, मेला.

तर नर्सबाईंनी मला वर बोलावलं. म्हणाल्या, "शेठ, गाळा तुम्हाला द्यायचं मनात आहे. मी वृद्धाश्रमात खोली बघतेय. पण माझ्या दोन भाच्यांना कळता कामा नये, नाहीतर जिन्यात ठाण मांडतील. आणि सारखे वर येऊ नका, लोक बघतात. काय ते फोनवर लिहून कळवा." म्हटलं, बाई, बिनघोर राहा. आणि तिथंच माझी बुद्धी शेण खायला गेली... मी साडूंना विचारलं!

साडू खूश! फोनमध्ये कसलंसं नवीन ॲप घातलं, माझ्या आणि जाऊन बाईंच्याही. मला म्हणाले, "समजा, तुम्ही तुमची उघडी कुलपं गावभर वाटलीत. किल्ली फक्त तुमच्या खिशात. ज्याला निरोप धाडायचाय तो पेटीत घालतो, तुमचं कुलूप दाबतो, पाठवून देतो. वाटेत कुणाच्याही हाती लागू दे, फोन कंपनीच्या हाती लागू दे, उघडणार कोण? तुम्हीच! हजार कॉम्प्युटर हजार वर्षं बसले तरी नाही उघडणार. मध्ये कुणी वाचू शकत नाही!" मी म्हटलं, वा! असं कुलूप मला बायकोच्या भिशीच्या मैत्रिणींसाठी हवं होतं.

पण एक राहिलं म्हणाले. समोरची खरंच नर्सबाईच आहे, दुसरं कुणी सोंग नाही, हे ताडून बघायचं. दोन्ही फोनवर साठ आकडे येतात, ते जुळले पाहिजेत. साठ! बरं, फोनवर नाही, समक्ष. वर जायची तर बंदी. मग मी रस्त्यावर उभा, बाई गॅलरीत, आणि मी ओरडतोय, "चार! नऊ! शून्य!" बाई वरून, "काय? नऊ?" "नऊ झाला हो, आता शून्य!" खाली माणसं जमली. एक मास्तर, म्हणजे आपला शिंपी हो, मोजपट्टी गळ्यात तशीच, तो माझ्या बाजूनं ओरडायला लागला! काचवाला दारात येऊन उभा. मी घाबरून साडूंकडे बघितलं, तर ते थंड. "ओरडा हो! हा आकडा गुप्त नाहीच. जगानं ऐकला तरी चालतो. हीच तर गंमत आहे विद्येची!"

झालं! ती गंमत माझ्या डोक्यात अशी बसली... जगानं ऐकलं तरी चालतं!

दुसऱ्या दिवशी गाळ्याच्या किमतीचा आकडा कळवायचा. आता माझी बोटं बघा, बटणं मोजून मोजून ही अशी, फोनवरचं एक अक्षर दाबलं की शेजारची दोन चेंगरतात. म्हणून मी काय करतो, फोनच्या माइकवर बोट ठेवतो आणि बोलतो, तो आपोआप लिहितो. दुकानात तीन मास्तर उभे. मी सगळ्यांदेखत, चांगला खणखणीत, "नर्सबाई, स्वल्पविराम, कोपऱ्यावरच्या गाळ्याचे मी..." आणि आकडा बोललो. तुम्हाला नाही सांगणार. आता सगळ्यांना ठाऊक आहे, तरी नाही सांगणार! "...पूर्णविराम. भाच्यांना कळणार नाही, पूर्णविराम." आणि मग साडूंनी शिकवलेलं ते कुलूप दाबलं! हजार वर्षांचं कुलूप!

उत्तर आलं. चष्मा घरी. म्हटलं, मास्तर, वाचा हो जरा. त्यानं घसा खाकरला, आणि गडी अगदी बाईंच्या आवाजात, "आकडा मान्य. वृद्धाश्रमाची खोली पंधरा तारखेपासून मिळाली. भाच्यांना पत्ता लागू देऊ नका, मोठा फार रडतो आणि धाकटा फार भांडतो." दुसरा मास्तर म्हणतो, "धाकटा म्हणजे तो मिशीवाला ना?" तिसरा, "नाही, मिशीवाला रडतो तो!" मी आपला हसतोय! मला वाटतंय, मध्ये कुणी वाचू शकत नाही!

साडूंनी आणखी एक सोय केलेली. निरोप एका दिवसात फोनमधून आपोआप पुसला जातो. पुसला! माझ्या फोनमधून गेला, बाईंच्या फोनमधून गेला, आणि मास्तरांच्या डोक्यातून? तिथून आणखी आठ दुकानांत! किळस येते हो. ज्यांना कापडाची उलट-सुलट बाजू सांगितलेली आठवत नाही, त्यांना माझा आकडा शेवटच्या शून्यापर्यंत पाठ!

तिसऱ्या दिवशी भाचे जिन्यात. मोठा रडतोय, धाकटा भांडतोय, अगदी मजकुरात लिहिल्याप्रमाणे! दोन रात्री बसले तिथं. बाईंना खाली उतरायला वाट नाही. भाचे दमून परत गेल्यावर मी वर गेलो, म्हटलं, बाई, व्यवहार ठरलाय आपला... बाई म्हणाल्या, "कुठाय लिहिलेलं?" मी फोन पुढं केला. कोरा! फक्त एक कुलपाचं चित्र.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही हो, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "शेठ, चाळीस वर्षं मी लोकांच्या उशाशी बसले. कुणाला काय रोग, कुणाचं मूल कुणाचं... हे गाव माझ्या पोटात आहे. माझ्याकडे कधी कुलूप नव्हतं." मग म्हणाल्या, "गाळा काचवाल्याला दिला. भाचे उठल्याबरोबर तो आला, बसला, बोलला नाही काही. चिठ्ठीवर आकडा लिहिला, माझ्यापुढं सरकवला. मी मान हलवली. त्यानं चिठ्ठी चहात बुडवली आणि गाळ फेकून दिला." चहात! दहा पैशांचा कागद!

खाली आलो तर साडू उभे. त्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, आणि चेहऱ्यावर काय तेज! म्हणतात, "म्हणजे निरोप फुटला तो तुमच्या टोकाला आणि बाईंच्या भाच्यांना कळला तो मास्तरांच्या तोंडून. पण मध्ये कुणी वाचलं का? नाही ना? यंत्रणा चोख चालली!" तुम्हाला सांगतो, साडू नसते तर मी त्या माणसाला... पण साडू आहेत. दिवाळं निघालं तरी साडू बदलता येत नाही.

बाई पंधरा तारखेला गेल्या. मजेत आहेत म्हणे. कोपऱ्यावर काचवाला आला. त्यानं पुढच्या बाजूला हा एवढा, माणसापेक्षा उंच आरसा उभा केलाय. आणि काय सांगू, सकाळी अकरा वाजता ऊन त्याच्यावर पडतं ते वळून थेट गल्लीत आत, माझ्या दुकानात येतं! भिंतीवर, रिळांवर, अगदी पांढरं स्वच्छ ऊन. साडेअकराला सरकतं. त्या अर्ध्या तासात माझे सातही निळे वेगवेगळे दिसतात. शत्रूच्या उजेडात दोरे जुळवतोय, बावीस वर्षांनंतर! तुम्हाला काही जुळवायचं असेल तर अकराला या. फक्त त्या काचवाल्याच्या कानावर जाऊ देऊ नका, नाहीतर तो आरशावर पडदा टाकेल... आता भरल्या सभेत सांगून बसलोच आहे म्हणा.