हलायचं नाही

— नाही नाही, थांबा ताई, परत त्या एमआरआयच्या नळीत सरकवू नका. अर्धा मिनिट. ते तोंडावरचं पिंजऱ्यासारखं काढा आधी — हां. हुश्श. नाही हो, चुकून नाही दाबला मी. मुद्दाम दाबला. तुम्हीच ना तो रबराचा फुगा हातात दिलात, घाबरलात तर दाबा म्हणून? मग, घाबरलो. मघाशी दाबला तेव्हाही घाबरलोच होतो, नाक खाजतंय म्हटलं ते उगाच. कळतंय मला — मी हललो की चित्रं बिघडतात, डॉक्टरांना डोक्यातलं काही दिसत नाही, बाहेर माणसं खोळंबलीत. तुम्ही म्हणालात, ‘आजोबा, हलायचं नाही, एवढंच तर काम आहे.’ एवढंच तर काम! कोणाला काय सांगताय ते तुम्हाला ठाऊक नाही, ताई. बाहेर ती मंडळी बसलीत ना, डोळे मिटून, पाठ ताठ करून — तुमचा शिपाई सांगून सांगून थकला की खुर्च्या पेशंटसाठी आहेत — ती माझी. म्हणजे ती म्हणतात, मी त्यांचा. निश्चलकाका म्हणतात मला. न हलणारे काका! हसलात? हसा, हसा. मला नाही जमत आत्ता.

सांगू का कसं झालं ते? सांगतोच, तेवढाच वेळ बाहेर राहीन. मी पाण्याचे मीटर तपासणारा माणूस. घरोघर जायचं, झाकण उचलायचं, आकडा बघायचा, निघायचं — आणि कुत्रं दिसलं की आकडा अंदाजानं. निवृत्त झालो त्या वर्षी कॉलनीच्या सभागृहात कुणा मोठ्या वक्त्याचं मनःशांतीवर भाषण होतं, आणि मला ज्येष्ठ म्हणून व्यासपीठावर बसवलं, शोभेला. वक्ता म्हणाला, ‘आकाश कोसळलं तरी ज्ञानी माणूस हलत नाही’ — आणि पंखा कोसळला. आकाश राहिलं, पंखा आला खाली, माझ्यापासून हातभरावर. काय तो आवाज! टेबल मोडलं, पाण्याचा जग उलटला, वक्ता उडी मारून थेट पहिल्या रांगेतल्या एका बाईंच्या मांडीवर. सभागृह रिकामं. मी मात्र बसून — डोळे मिटलेले, हात मांडीवर, ताठ. का? अहो, पायच गेले होते माझे! गुडघ्याखाली काही शिल्लक आहे की नाही तेच कळेना, जीभ टाळ्याला चिकटलेली. धूळ खाली बसली, लोक परत आले, बघतात तर मी हा असा, नुसता श्वास चालू. एकानं हात जोडले. मग दुसऱ्यानं. मेंढरं हो आपण, एकानं मान वाकवली की झालं.

मी सांगितलं त्यांना! शप्पथ सांगतो, वाचा फुटल्याबरोबर पहिलं वाक्य हेच — ‘अहो, मी घाबरलो होतो.’ तर एकमेकांकडे बघून म्हणतात, ‘बघा, किती नम्रता!’ आता यावर माणसानं बोलावं काय? रविवारी दाराशी चपलाच चपला. मी म्हणतो, मला यातलं काही येत नाही — ते तेही लिहून घेतात. आणि पँट ओली झाली होती ती — ते जाऊ दे. ते पाण्यानं. म्हणजे जग उलटला होता हे खरं... पण तो उलटला डावीकडे, आणि मी बसलो होतो उजवीकडे. हे फक्त आमच्या हिला ठाऊक, धुतली तिनंच ना. मोरीत बसून इतकी हसली, इतकी हसली, की मला वाटलं हिलाच काहीतरी होतंय. मी चिडलो. तर म्हणते कशी, ‘अहो, केवढी दया त्याची! पंखा पाडला तो पाडला, पण तुमची लाज राखायला पाणीही सांडून ठेवलं.’ तिचं सगळं असंच. देवापुढे बसते आणि मधेच फिसकन हसते. एकदा म्हटलं, जरा गंभीर बस. तर म्हणाली, ‘तोंड पाडून बसायचं कशाला, त्यानं काय आपल्याला आंघोळ करताना पाहिलं नाही?’

एक बाई आली होती, तरुण. पहिलं मूल गेलं होतं तिचं, तापानं. दुसरं पोटात. म्हणाली, काका, घास उतरत नाही भीतीनं, मला न घाबरायला शिकवा. सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत. मी म्हटलं, ‘मुली, मला येत नाही. मलाही वाटते गं भीती.’ बाकीचे सवयीनं ‘वा’ म्हणाले. ती नाही म्हणाली. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं — कपबशी होती हातात, आणि कप खडखडत होता. तिनं सावरायला हात लावला तर जास्तच खडखडायला लागला, तिचाही थरथरत होता ना! आणि रडता रडता हसू फुटलं तिला. मलाही. बाकीचे गोंधळले, हसायचं की हात जोडायचे. मूल झालं पुढे, धडधाकट आहे, माझ्या मिशा ओढतं. पण सांगायचं ते हे, की इतक्या माणसांत तिनं एकटीनं माझं बोलणं खरं धरलं.

हं? हो, जायचं आत, जायचंय. हल्ली कप नुसता खडखडत नाही, सुटतोच हातातून. डॉक्टर म्हणाले, सावली दिसतेय, नीट बघायला हवं. सावली! काय गोड शब्द शोधलाय. मला मरणाची भीती नाही हो, मला आपलं — खोटं. मरणाचीच आहे. आत ते छत नाकाला टेकतं, आणि ठणाठण, ठणाठण, कोणी खिळे मारतंय असं, आणि मी म्हणायला लागलो, ‘देवा, यातून सोडव, साखर सोडतो.’ साखर! इकडे डोक्यात सावली आणि मी चहातली साखर पुढे करतोय. म्हटलं, ऐकत असेल तर हसला असेल तो. जरा बरं वाटलं. आणि मग मनात आलं — ऐकतच नसेल तर? हसायलाही कोणी नसेल तर? नुसतं ठणाठण? तेव्हा दाबला फुगा.

काय म्हणालात? हिला आत येता येतं? पायाशी उभं राहू देतात? अहो मग आधी — नको, उगाच तिला. नाही, बोलवा. बोलवा ताई. केसांतल्या पिना काढायला सांगा तिला, विसरेल. आणि बाहेरच्यांना काही बोलू नका. किंवा बोला. काय वाटेल ते सांगा.

आलीस? ये. काही झालं नाही गं, मीच जरा थांबायला सांगितलं. इकडे, पायाशी. अंगठा धर. असा नाही, घट्ट. अगं, केवढा गार हात तुझा... आणि हे काय? थरथरतेस? तू? मला वाटत होतं, तुला कधी... इतकी वर्षं तू हसायचीस ते — बरं, बरं. नको सांगूस. ए, हसू नकोस, तू हसलीस की मी हललो. रडूही नकोस. धरून ठेव फक्त.

घाला ताई तो पिंजरा तोंडावर. फुगा? राहू द्या तुमच्याकडेच. जा तुम्ही काचेमागे, जा. आता मी बोलत ना—