पाच नंबरचा सापळा

मुलगी : काकू, एक विचारू? रागावणार नाही ना? म्हणजे रागावलात तरी विचारायचंच आहे, कारण आमच्या गँगने पैज लावलीय.

काकू : विचार की. पण बॅटरी माझ्या डोळ्यांवर नको मारू. नळाखाली धर. हां, तिथे.

मुलगी : धरली. तर... तुमच्या स्वतःच्या घरात झुरळं आहेत का?

काकू : आत्ता नाहीत. झुरळं मारायच्या या कामाला लागले तेव्हा होती. चांगली पै-पाहुण्यांसकट होती.

मुलगी : जिंकले! बटण म्हणाली होती, तुझी विचारायची हिंमतच होणार नाही. मागच्या वर्षी नसतीच झाली म्हणा. तेव्हा जुन्या शाळेत मी हजेरीलासुद्धा कुजबुजायचे. आता वक्तृत्वात दुसरी आलेय!

काकू : बरं झालं सांगितलंस. मला वाटलं, पहिलीच असशील. ही बटण कोण?

मुलगी : माझ्या बाकावरची. बुटकी आहे, गोल आहे आणि कधीही तुटून कुठेही घरंगळते.

काकू : मग तुझ्या गँगला ठाऊक आहे तर, मी तुमच्याकडे येते ते.

मुलगी : तसं... मी सांगितलंय, तुम्ही आमच्या खालच्या मजल्यावर येता.

काकू : खालच्यांनी काय घोडं मारलंय तुझं?

मुलगी : काकू, प्लीज! झुरळं आहेत म्हटलं की लोकांना वाटतं, घरच घाणेरडं आहे. तुम्हाला नव्हती वाटत लाज?

काकू : मला नाही, माझ्या सासूबाईंना वाटायची. शेजारीपाजारी सांगायच्या, सूनबाई औषधाच्या कंपनीत आहे. एकदा शेजारीण आली, म्हणाली, डोकेदुखीवर एखादी गोळी असेल तर द्या. सासूबाईंची जी तारांबळ उडाली! तेव्हापासून मी हा गणवेश घालून, पाठीवर पंप अडकवून, पुढच्याच दाराने जाते-येते. गोळ्या मागायचं कुणाचं नाव नाही. बरं, हा वास कसला गं? मागच्या वेळी मी इथे झुरळांसाठी विषारी जेलचे ठिपके दिलेत, त्यांना चक्क गुलाबाचा वास मारतोय.

मुलगी : तो बाबांचा स्प्रे. रोज संध्याकाळी मारतात. चप्पल घालून, नाकाला रुमाल बांधून. लढाईवर निघाल्यासारखे.

काकू : अहो दादा! जरा इकडे या बघू.

बाबा : आलो, आलो. काय झालं ताई?

काकू : मी पाहुण्यांना जेवण वाढून जाते आणि तुम्ही त्या ताटात रॉकेल ओतता. कोण खाणार मग ते जेल? झुरळाने खायला हवं, बिळात परत जायला हवं, तिथे मरायला हवं. बाकीची त्याला खाऊन मरतात.

मुलगी : ईईई! हे मी उद्या डब्याच्या सुट्टीत सांगणार.

बाबा : चुकलं माझं. पण ताई, मला काही सुचेनासंच झालंय. घरमालकीणबाई एक तारखेला येऊन बघणार आहेत. म्हणाल्या, तुम्ही यायच्या आधी या घरात एक झुरळ नव्हतं. दिसलं तर घर सोडा. आमच्याकडे तीन आठवडे आहेत.

काकू : तीन आठवडे पुरतात, घर कुठे आहे ते कळलं तर. झुरळांचं घर म्हणते मी. सापळे आणा बघू. नंबर टाकून दिलेले ते चिकट पुठ्ठे.

मुलगी : मी आणते! मोजलेत पण मी. एक नंबर, नळाखालचा, चार. दोन नंबर, ओट्याखालचा, एकही नाही. तीन, फ्रिजमागचा, दोन. चार, मोरीतला, एक. आणि पाच नंबर, बाहेरच्या खोलीतल्या कपाटाजवळचा... सदतीस. दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा डोळे अर्धे मिटून.

काकू : सदतीस? बाहेरच्या खोलीत? तिथे ना पाणी, ना खरकटं. दादा, कपाटामागे काय आहे?

बाबा : काही नाही.

मुलगी : बाबा!

बाबा : म्हणजे, खोकी आहेत. पुठ्ठ्याची. घडी घालून ठेवलीत, नीट सुतळी बांधून. एकूण चव्वेचाळीस.

काकू : कपाट सरकवा.

(कपाट वीतभर सरकतं. तिघंही मागे डोकावतात. मग मुलगी अशी किंचाळते, की समोरच्या छपरावरची कबुतरं एकदम उडतात.)

काकू : घाबरू नको, तू त्यांना भितेस त्याहून ती उजेडाला जास्त भितात. हे बघ, पुठ्ठ्याच्या दोन थरांमध्ये या नळ्या-नळ्या असतात ना? त्यांना अंग चेपून बसायला अशीच जागा लागते. वर चिकटवायची खळ खायला. राजवाडाच की हा. आणि ही तपकिरी डबी दिसते? अंडी आहेत. एकेका डबीत तीसेक पिल्लं.

मुलगी : म्हणजे ती इथली नव्हतीच. आपणच घेऊन आलो. आधीच्या घरातून, सामानाबरोबर, ट्रकमध्ये बसवून!

काकू : ही खोकी आजच्या आज बाहेर गेली पाहिजेत. मोठ्या पिशव्यांत, तोंड घट्ट बांधून. जिन्यात फरफटवायची नाहीत.

बाबा : सगळी? ताई, ऊन दाखवून, झटकून नाही का चालणार? माझं काम पुलांचं आहे. एक पूल उभा राहिला की दुसऱ्या गावी. चार घरं बदलली या खोक्यांवर. प्रत्येकावर लिहिलंय मी. हे बघा, ‘स्वयंपाकघर ३, नाजूक’. हे ‘पुस्तकं, जड, दोघांनी उचला’. आणि हे पहिल्या घरापासूनचं. ‘बाळाचे कपडे’.

मुलगी : ते बाळ आता पाच फूट तीन इंच आहे, बाबा.

बाबा : माहितीय गं. पण उद्या निघायची वेळ आली तर कुठे शोधत बसू?

मुलगी : पण तुमच्या पुलाचे अजून खांबसुद्धा पाण्यात उतरले नाहीत! दोन वर्षं तरी आहोत ना आपण? की या खोक्यांपायी एक तारखेलाच निघायचं? बाबा, तुम्हाला एक सांगितलं नाही मी. मागच्या सोमवारी भूगोलाच्या तासाला माझ्या दप्तरातून झुरळ निघालं. भलं मोठं. बाकावरून चाललं, ऐटीत. सगळा वर्ग ओरडला, कुणाचं, कुणाचं? माझी तर वाचाच बसली. वक्तृत्व-बिक्तृत्व सगळं पार उडालं. तेवढ्यात बटण उठली, त्याच्यावर वही आपटली आणि म्हणाली, ‘सॉरी मॅडम, माझ्या डब्यातून आलं.’

बाबा : तिने असं का केलं?

मुलगी : मीही तेच विचारलं. म्हणाली, ‘तू नवीन आहेस, तुला नाव पडलं की पडलं. मला पहिलीपासून बटण म्हणतात, माझं आणखी काय बिघडणार?’ आता सगळे तिला झुरळराणी म्हणतात. ती हसते आणि मीही त्यांच्यासोबत हसते. इतकं वाईट वाटतं ना बाबा. ती दर शनिवारी विचारते, तुझ्या घरी येऊ का? आणि मी दर शनिवारी काहीतरी थाप मारते.

बाबा : ...ताई, पिशव्या आहेत तुमच्याकडे?

काकू : आहेत. मोठ्या आहेत.

बाबा : मी धरतो, तुम्ही भरा. नाही, उलट करू, तुम्ही धरा. माझी खोकी मीच भरतो. ‘बाळाचे कपडे’ आधी.

मुलगी : बाबा, त्यावरची अक्षरं तेवढी मी मोबाइलवर टिपून ठेवते. थांबा. हं. आता टाका.

आई : (कामावरून आत येत) अरे देवा, हे काय चाललंय? दार सताड उघडं, कपाट खोलीच्या मधोमध! आणि खोकी? यांची खोकी पिशवीत? तब्येत बरी आहे ना तुझ्या बाबांची?

मुलगी : आई, सापडलं! सदतीस! सगळी इथे होती! आपणच ट्रकमधून आणली!

आई : हळू बोल, मालकीणबाई जिन्यात आहेत. इथे होती? स्वयंपाकघरात नाहीत?

काकू : ताई, ओट्याखालचा सापळा हा बघा. कोरा. वीस वर्षं या धंद्यात आहे, असा ओटा मी फार थोड्या घरांत पाहिलाय.

आई : मी रोज रात्री घासते हो. कामावरून आले की आधी तेच. वाटायचं, माझंच कुठेतरी कमी पडतंय. मालकीणबाई दिसल्या की मी मान खाली घालून पुढे जायची. तुम्ही... पाणी तरी घेतलंत का? बसा ना. चहा टाकते.

काकू : चहा पुढच्या खेपेला. आता नवे ठिपके देते, त्यांना कुणी अत्तर लावायचं नाही. आणि मालकीणबाई जिन्यातच आहेत ना? बरं झालं. जाता जाता पाच नंबरचा सापळा त्यांना दाखवते. सांगते, घर लख्ख आहे, पाहुणे पुठ्ठ्यातून आले होते, निघालेत.

बाबा : तुमचे उपकार कसे...

काकू : उपकार कसले, माझं कामच ते. तो स्प्रे तेवढा माझ्याकडे द्या, म्हणजे मी निश्चिंत.

मुलगी : काकू, थांबा! पैज जिंकले त्याचं चॉकलेट मिळणारेय मला. अर्धं तुमचं. आणि पुढच्या वेळी पण बॅटरी मीच धरणार!

काकू : धर. पण डोळ्यांवर नको. येते गं.

आई : देवमाणूस आहे हो बाई. आता नीट सांगा, झालं काय? ही रडली होती का?

बाबा : थोडी. वर्गात तिची अब्रू एका मैत्रिणीने आळ स्वतःच्या अंगावर घेऊन वाचवली. बटण म्हणतात तिला. सविस्तर तीच सांगेल.

आई : बटण? त्या पोरीला मला बघायचंय.

मुलगी : मग आई, बाबा, दोघं इथे बसा. नाही, तिथे नको, जेल आहे. हं. मी दोन गोष्टी ठरवल्यात.

बाबा : दोन? एकदम?

मुलगी : पहिली. एक तारीख झाली की येणाऱ्या रविवारी बटण आणि बाकीच्या तिघी आपल्याकडे येणार. सकाळपासून. चटई त्या कपाटामागच्या रिकाम्या जागेतच घालू.

आई : येऊ देत की. आणि दुसरी?

मुलगी : ती उद्याचीच आहे. पहिल्या तासाला उभी राहून सांगणार आहे, ते झुरळ माझ्या दप्तरातलं होतं.