मशीन एकटं जात न्हाई

न्हाई आबा, तसं न्हाई देत मी. मशीन एकटं जात न्हाई कुटं. कर्णा, बॅटरी, रेकॉर्डींची पेटी आन मी – समदं एकाच बैलगाडीत चढतं आन एकाच बैलगाडीतनं उतरतं. तुमी पार आंदर मावळातनं पायी आलाय, लेकीचं लगीन काढलंय, लय बरं वाटलं – बसा, चहा घ्या – पण 'सामान तेवढं द्या बाई, वाजवाय आमच्या जावयाचा भाऊ हाय' हे पुन्यांदा म्हणू नका. काय येतं त्येला? रेकॉर्ड फिरवता येती? सुई ठेवली की वाजतंच की, म्हणता. व्हय, वाजतं. जात्यात दाणं टाकलं की पीठबी पडतं, म्हणून काय समद्यांच्या भाकरी सारख्या व्हत्यात?

सांगा की मंग, माझ्यात काय खोट हाय? अडखळू नका, बोला. बाईमाणूस – बास? एवढंच? मला वाटलं कायतरी नवीन काढाल. बाईनं जात्यावर गायलं तर चालतं, हळदीला गायलं तर चालतं, मढ्याच्या उशाला बसून सूर धरून रडली तरी चालतं – उलट न्हाई रडली तर नावं ठेवतात. पण तीच बाई मांडवात मशीनपाशी बसली की हिचं मूळ कुटलं, हिचा नवरा कुटं, हिला कोण इचारणारं हाय का न्हाई. वाजवणारी म्हणजे नाचणारी, आन नाचणारी म्हणजे – जाऊ द्या. तुमी वयानं मोठं, तुमच्या म्होरं त्यो शब्द काढत न्हाई. तुमच्या मनात आलाच की पण. आला का न्हाई? खाली नका बगू.

मी मेहमुदा, दस्तगीर कर्णेवाल्याची लेक. ह्या कामशेतात पयलं मशीन आमच्या अब्बांनी आणलं – लोणावळ्याचा एक गोरा सायेब बंगला विकून निघाला तवा त्येच्या सामानातनं. आणलं इब्राहिमसाठी, म्हणजे माझ्या थोरल्या भावासाठी, त्येला हातात धंदा व्हावा म्हणून. आन शिकले मी. कसं म्हणजे? मला शाळंतनं काढून घरात बसवली, आन मशीनबी घरातच – दोघी एका खोलीत. अब्बा शिकवायचे तवा इब्राहिम जांभया द्यायचा, मी चुलीपाशी भाकरी थापता थापता ऐकायची. मंग अब्बांनी मोडीतलं दुसरं मशीन आणलं, भाग काढून वापरायला. मी म्हणलं, मोडू नका, दोन्ही शेजारी ठेवा, मधी एक खटका बसवा, दाबला की कर्ण्याचा आवाज ह्या मशीनावरनं त्या मशीनावर जाईल असा. का? आवो, एक रेकॉर्ड संपून दुसरी लावंस्तवर मधी जी शांतता पडती ना, तिच्यात नाच मरतो. हात खाली येतात, कुणाला घाम आठवतो, कुणाला म्होरं बसलेला सासरा दिसतो – माणूस भानावर येतो, आन भानावर आलेला माणूस कवा नाचलाय? दोन मशीनं असली की ही संपाया आली की ती सुरू, अंगातलं वारं खाली उतरूच द्यायचं न्हाई. आन नुसतं तेवढंबी न्हाई. ठेक्याला ठेका मिळाला पायजे. दुसरीचा ठेका जलद असला तर फिरत्या रेकॉर्डीच्या कडंला बोट टेकवायचं, हलकं, तान्ह्या लेकराच्या टाळूवर ठेवतात तसं, म्हणजे ती जरा दमानं येती आन पयलीच्या पावलात पाऊल टाकती. कुणाला कळत न्हाई कुटं सांधलं ते. हे मला कुणी शिकवलं न्हाई. येतंय का तुमच्या जावयाच्या भावाला?

पण बसायचं कुटं? पडद्याआड. माझ्या अम्मानं, चाँदबीनं, दोन जुन्या चादरी जोडून पडदा शिवला, अब्बांनी सवताच्या हातानं दोरी बांधली. मी आत, दोन मशीनांच्या मधी, आन म्होरं खुर्ची टाकून इब्राहिम – केसाला तेल, तोंडात सिगारेट, खिशात कंगवा, एक हात पडद्याच्या आत, जणू त्योच वाजवतोय. जत्रा असू द्या, वरात असू द्या, समदं मावळ म्हणायचं, 'काय हात हाय इब्राहिमचा!' नवरदेवाचा मामा येऊन त्येच्या गळ्यात हार घालायचा. मला हार दिसायचा, पडद्याच्या फटीतनं. वाईट वाटायचं? – न्हाई. तवा न्हाई वाटलं. तवा वाटायचं, भाऊ तर हाय, घरातच ऱ्हातंय. येडी हुते.

असल्याच एका जत्रंत लोणावळ्याच्या हाटेलाचा मॅनेजर आलता. भुशीच्या रस्त्याला हुतं ते हाटेल – नाव न्हाई घेत, आता बंद पडलं. पावसाळ्यात मुंबईची मंडळी धरणावर भिजाया यायची आन मंग दर रविवारी दुपारी हाटेलाच्या हॉलमधी जोडीजोडीनं नाचायची. बँडवाले आणायचे तर परवडंना, म्हणून मॅनेजरनं इब्राहिमला बोलावलं. हाटेलात विलायती रेकॉर्डींचा ढीग हुता. मला इंग्रजीचं अक्षर ठावं न्हाई – एकेक लावून बगितली, कानानं वळखून ठेवली. ही पिवळ्या कागदाची, हिला पाय घसरत जातात. ही लाल, हिला टाचा आपटतात. तितं पडदा जमिनीपातुर पोचत न्हवता, वीतभर उघडा ऱ्हायचा, आन त्यातनं मला नुसतं पाय दिसायचे. पायच! तोंडं कवा बगितलीच न्हाईत. पण पाय लबाडी करत न्हाईत, आबा. दमलेला पाय कळतो, रुसलेला पाय कळतो. एका बाईच्या चपला कायम भिंतीकडंला उभ्या असायच्या, साध्या, काळ्या पट्ट्याच्या – त्या बाईला कुणी नाचाया बोलवायचंच न्हाई. पण ती उभ्या उभ्या अंगठ्यानं ठेका धरायची. मी तिच्यासाठी म्हणून एकेक रेकॉर्ड काढायची. लय रविवार गेले. एका रविवारी त्या चपला भिंत सोडून मधी आल्या – एकट्याच, कुणाचे बूट न्हाईत शेजारी – आन नाचल्या. पडद्याआड मी रडले, हसू नका.

हसला न्हाई व्हय. बरं.

मंग एका रविवारी इब्राहिम आलाच न्हाई. मला हाटेलात सोडलं आन दोस्तांबरुबर खंडाळ्याला गेला, 'आलोच' म्हणून. हॉल भरला. मॅनेजरला वाटलं इब्राहिम आत हाय, त्यानं पडद्याबाहेरनंच हाळी दिली, 'सुरू करा!' – मी केलं. काय करणार? आन आबा, तसा नाच त्या हाटेलात कवा झाला नसंल. पाय दिसेनात, नुसती गर्दी. एक थांबला न्हाई. मला भूक न्हाई, तहान न्हाई, हात आपले आपण चाललेले. शेवटची रेकॉर्ड संपली तशा टाळ्या पडल्या, लय येळ पडल्या, आन कुणीतरी पडदा बाजूला केला. ती काळ्या चपलांची बाई! गोरीपान, चष्मा लावलेली, असंल मास्तरीण. मला बगून तिनं तोंडावर हात धरला, मंग माझे दोन्ही हात धरले, मराठीत म्हणाली, 'तुम्ही होय? इतके दिवस तुम्हीच?' मी पदर सावरला आन मान हलवली. जन्मात पयल्यांदा कुणीतरी इचारलं, आन जन्मात पयल्यांदा मी 'व्हय' म्हणले.

तेवढंच. तेवढंच सुख. मागनं एक बाप्या आला, कोट घातलेला, पेलेला. म्हणतो कसा, 'अरे वा, असली चीज लपवून ठेवली का? वाजवती तर नाचंल पण की!' आन माझं मनगाट धरलं. हे, ह्या हिथं. वढलं. मी दुसऱ्या हातानं रेकॉर्ड उचलली आन घातली त्येच्या कानशिलावर – फुटली, तुकडं तुकडं झाले. ती बाई वरडाया लागली, 'सोडा तिला!' समदा हॉल बगतोय. मॅनेजर पळत आला. तुमाला वाटंल त्यानं त्या कोटवाल्याला हाकलला. न्हाई! त्यानं कोटवाल्याची माफी मागितली. आन मला म्हणला, 'बाई बसली मशीनवर म्हणजे लोक काय समजतील, हे कसलं हाटेल हाय? माझं काही नाही, पण गिऱ्हाइकं काय म्हणतील?' मनगाट माझं धरलं, आन इज्जत गेली हाटेलाची.

घरी आले. मला वाटलं, अब्बा कुऱ्हाड घेऊन निघतील. अब्बांनी समदं ऐकलं. मंग इचारलं – काय इचारलं सांगू? 'पडदा उघडाच कसा राह्यला?' बास. इब्राहिमला एक शब्द न्हाई, कुटं उलथला हुतास म्हणून. मला म्हणले, 'तू आता घरी ऱ्हा. माझं काय न्हाई, पण जमातीला तोंड दाखवायचंय.' दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा निरोप – इब्राहिमनं यावं, बहिणीला आणू नये. आन इब्राहिम गेला! गेला की. कंगवा फिरवला आन गेला. मी दारात उभी हुते, माझ्याकडं बगितलंबी न्हाई. दोन्ही मशीनं घेऊन गेला, माझ्या बोटांच्या खुणा हाईत त्येंच्यावर.

मंग काय झालं? हातात काय असंल तर व्हणार ना! एक रेकॉर्ड संपली की सिगारेट झटकून दुसरी शोधायचा. मधल्या खटक्याला त्यानं हातच लावला न्हाई. मंडळी उभी ऱ्हायची, मंग बसायची, मंग जायची. मॅनेजरनं हाकलला. तवा आला माझ्यापाशी – 'मेहमुदे, चल, आता पडद्याला खालनं दोरी लावून घेऊ, वाऱ्यानंबी उघडायचा न्हाई.' मी म्हणलं, चुलीत घाल तुझा पडदा. तेवढ्यात मला एक स्थळ आलतं लोहगडवाडीकडचं, तेबी फिरलं – मुलगी हाटेलात वाजवती म्हणून. अम्मा झुरली. इब्राहिम तळेगावला कारखान्यात लागला, बायको केली, तिकडंच घर केलं. मशीनं ऱ्हायली हितं, पोत्याखाली. लोक म्हणतात, दस्तगीरनं लेकीला धंदा दिला, लय मोठ्या मनाचा माणूस. दिला? कुणी दिला? कुणी घेईना म्हणून उरला, आन उरला म्हणून मी उचलला. भांड्यातली खरवड उरती ना बाईला, तसा. पयल्या वरातीला मी पडदा न्हेलाच न्हाई. उघड्यावर बसले, मधोमध. लोकांनी शेण मारलं, खरंखुरं शेण, बैलाचं. मी हात पुसला आन दुसरी रेकॉर्ड लावली. थांबले न्हाई, नाच थांबू दिला न्हाई. आता बोलवतात की. शिव्या देतात आन बोलवतात.

अब्बांना मातुर – अब्बा शेवटी अंथरुणाला खिळले. दोनपारची येळ हुती. म्हणले, कायतरी लाव. मी दोन्ही मशीनं त्येंच्या उशाला मांडली, त्येंच्या आवडीच्या रेकॉर्डी एकीतनं दुसरीत सांधत गेले, लय मन लावून, तसं कवा कुणापाशी वाजवलं नसंल. त्येंचे डोळे मिटलेले, बोटं चादरीवर ठेका धरून. आन म्हणले, 'वा इब्राहिम. वा! हात हाय पोरा तुझा.' खोलीत मी एकटी, आबा. इब्राहिम तिकडं तळेगावात पाळीवर. त्येंला ठावं न्हवतं व्हय, हात कुणाचा ते? त्येंनीच तर दोरी बांधली हुती पडद्याची. भरमिष्टलेबी न्हवते – जरा आधी मला नावानं हाक मारून पाणी मागितलं हुतं. आन मी – मी काय म्हणले? मी म्हणले, 'जी अब्बा.' त्येच्या जागी मीच 'जी' म्हणले. दुसऱ्या दिवशी गेले ते.

हे मी अम्माला सांगितलं न्हाई, इब्राहिमला न्हाई. तुमच्या म्होरं कसं निघालं कुणास ठावं. चहा निवला तुमचा. प्या.

काय? पुन्यांदा बोला. मोठ्यानं बोला की. 'माझं काय न्हाई बाई, पण पाव्हणे काय म्हणतील?'

समदं ऐकलं, आन हे? मॅनेजरचं काय न्हवतं, गिऱ्हाइकांचं हुतं. अब्बांचं काय न्हवतं, जमातीचं हुतं. आता तुमचं काय न्हाई, पाव्हण्यांचं हाय. आन पाव्हण्यांना जाऊन इचारा, तेबी म्हणतील, आमचं काय न्हाई, गावाचं हाय. मंग हाय तरी कुणाचं हे? कुणाचंच न्हाई, आन भोगलं मी!

न्हाई, बसू नका आता. उठा. लेकीला माझा सलाम सांगा, तिचं भलं होऊ द्या, तिच्यावर राग न्हाई माझा. तळेगावात हाय एक कर्णेवाला. एकच मशीन हाय त्येच्याकडं, तेबी मधी अडतं. पण बाप्या हाय. मिशा हाईत त्येला. पाव्हण्यांना आवडंल.

कप तितंच ठेवा. जावा.